कोलिजनला मराठीत काय म्हणाल? टक्कर, धडक, आदळणे आणि त्यांच्या गोतावळ्यातले शब्द

पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना संध्याकाळी कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी आहे. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागून आलेली दुचाकी तिच्यात घुसते. घटना इतकीच, पण ती चार जणांनी लिहिली तर अशी होते:

दुचाकी उभ्या ट्रॉलीवर आदळली.
दुचाकीने ट्रॉलीला धडक दिली.
दुचाकी आणि ट्रॅक्टरची टक्कर झाली.
दुचाकीला ट्रॅक्टरची धडक बसली.

इंग्रजीत या चारही ठिकाणी 'कोलिजन' हा एकच शब्द चालून जातो. मराठीत मात्र चार वाक्यांतून चार वेगळ्या घटना उभ्या राहतात. पहिल्यात ट्रॉली थांबलेली आहे हे कळते आणि दोष कोणाचा हे उघडे राहते. दुसऱ्यात दुचाकीस्वार कर्ता झाला, म्हणजे चूक त्याच्याकडे झुकली. तिसरे वाचणाऱ्याला दोन्ही वाहने चालती वाटतात. चौथे तर सरळ खोटे आहे, कारण उभे वाहन कोणाला धडक देत नाही. बातमी, फिर्याद, विम्याचा अर्ज, विज्ञानाची वही, भाषांतर, काहीही लिहा, शब्दाबरोबर दोषही वाटला जातो. म्हणून शब्द निवडण्याची रीत नीट माहीत हवी.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: हलत कोण होते? दोन्ही हलत असतील तर टक्कर. एकच हलत असेल आणि दुसरी वस्तू जागेवर घट्ट असेल (झाड, दुभाजक, पुलाचा कठडा, उभी ट्रॉली), तर आदळणे. जहाजांच्या इंग्रजी कायद्यात हाच फरक दाखवायला दोन शब्द आहेत: दोन चालत्या जहाजांचे 'कोलिजन' आणि चालते जहाज स्थिर वस्तूवर गेले तर 'अलिजन'. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल पडला तो जहाज खांबावर आदळल्याने. मराठी बोलणारा माणूस हा भेद कायदा न वाचताही पाळतो. झाडाशी कोणाची 'टक्कर' होत नाही, झाडावर गाडी आदळते.

दुसरा प्रश्न: जोर कोणाच्या बाजूने आला? एका बाजूने आला असेल तर धडक. 'बसने रिक्षाला मागून धडक दिली' म्हटले की बस मागून आली आणि तिचा वेग जास्त होता, हे सगळे दोन शब्दांत येते. जोर दोन्हीकडून असेल तर टक्कर, नाहीतर 'समोरासमोर धडक'. 'समोरासमोर' जोडले की एकतर्फी 'धडक' दुतर्फी होते, हे लक्षात ठेवा. मराठी वृत्तपत्रांत हा प्रयोग चांगला रुळलेला आहे आणि तो बरोबर आहे.

तिसरा प्रश्न: स्पर्श कसा झाला? नुसते घासून गेले, टोक लागले, चाकाखाली आले की दोन वाहनांच्या मध्ये सापडले? यातले प्रत्येक वेगळे आहे. खानदेशात भगत बारागाड्या (एकामागे एक जोडलेल्या बारा गाड्या) ओढतो तेव्हा गर्दीतला कोणी घसरून चाकाखाली आला, तर 'गाडीची धडक बसली' असे लिहिणे चूक आहे. तो चाकाखाली आला. त्याला धडक बसलेलीच नाही.

प्रत्येक शब्दाचे वळण

टक्कर स्त्रीलिंगी. टक्कर होते. रेड्यांच्या, एडक्यांच्या टकरी लावतात, त्यातूनच हा शब्द दोघांच्या झुंजीकडे झुकतो. त्यामुळे 'टक्कर देणे' याचा मराठीतला पहिला अर्थ आहे तोडीस तोड लढणे: 'अमळनेरच्या संघाने जोरदार टक्कर दिली'. अपघातात 'दुचाकीने ट्रकला टक्कर दिली' लिहिले तर वाचणाऱ्याला क्षणभर शर्यतीची बातमी वाटते. 'टक्कर मारली' हे बऱ्हाणपूरच्या बाजूने येणाऱ्या हिंदीचे रूप. रावेर, मुक्ताईनगरकडे ते सर्रास ऐकू येते. बोलताना चालू द्या, लिहिताना 'धडक दिली' करा.

या शब्दाच्या लेखनात एक चूक नेहमी होते. 'रक्कम'चे रकमेत होते, 'छप्पर'चे छपरावर, 'किंमत'चे किमतीत. त्याच चालीने 'टक्कर'चे टकरीत होते. 'टक्करीत' सगळीकडे छापलेले दिसते, पण मधले जोडाक्षर सुटे करण्याची आपली जुनी रीत 'टकरीत' हेच सांगते.

धडकही स्त्रीलिंगी. देणारा आणि खाणारा वेगळा, म्हणून विभक्ती सांभाळा. ज्याने दिली त्याला 'ने', ज्याला बसली त्याला 'ला': ट्रकने दुचाकीला धडक दिली, दुचाकीला ट्रकची धडक बसली. क्रियापद केले की 'ला' धडकलेल्या वस्तूला लागतो: दुचाकी कठड्याला धडकली. मथळ्यात 'ट्रक दुचाकी धडक' असे विभक्ती गाळून छापले तर कोणी कोणाला दिली हे कळतच नाही. जागा कमी असेल तर 'ट्रकची दुचाकीला धडक' लिहा; दोनच अक्षरे वाढतात.

धडकेचे आणखी एक कुटुंब आहे, त्यात अपघात नाही: धडक मोर्चा, धडक मोहीम, धडक कारवाई, 'मोर्चा कलेक्टर कचेरीवर धडकला', 'वादळ किनाऱ्याला धडकले'. इथे अर्थ आहे अचानक आणि जोराने येऊन पोहोचणे. म्हणून 'जमाव पोलीस ठाण्यावर धडकला' लिहिले तर तोडफोड झाली असे होत नाही. दगडफेक झाली असेल तर ती वेगळी लिहावी लागते.

आदळणे या क्रियापदाला 'वर' लागतो: झाडावर, दुभाजकावर, उभ्या ट्रकवर. पाठीमागून, खालून, कसेही, आदळणारी वस्तू हलती असते. कर्ता वाहन ठेवता येतो आणि चालकाचा उल्लेख टाळता येतो, म्हणून चौकशी पूर्ण होण्याआधी लिहायला हे सर्वांत सुरक्षित क्रियापद आहे.

ठोकणे मात्र जपून वापरा. 'त्याने गाडी ठोकली' म्हणजे दोष त्याचा, विषय संपला.

धक्का लागतो, बसतो, मारला जातो. अंगाला धक्का लागणे ही हलकी गोष्ट, मनाला धक्का बसणे जड. वाहनाच्या बाबतीत हलक्या स्पर्शासाठीच हा शब्द ठेवा.

आता 'कट'. जळगाव, भुसावळ, धुळ्यात हा शब्द रोजचा आहे. 'कट लागला' म्हणजे ओलांडताना हँडल, आरसा किंवा बंपर दुसऱ्याला घासून गेला. 'कट मारला' म्हणजे ते मुद्दाम किंवा बेपर्वाईने केले. भांडणाच्या बातम्यांत 'कट मारल्याच्या कारणावरून मारहाण' हे वाक्य सतत येते, आणि 'लागला' की 'मारला' यावरच सगळे भांडण असते. बातमीत मारहाण करणाऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे घेऊन 'मारला' लिहिले तर बातमीदाराने न्याय देऊन टाकला. पक्के माहीत नसेल तर 'कट लागल्याच्या कारणावरून' लिहा.

फिर्यादींत 'ठोस मारली', 'ठोस दिली' हेही येते. खेड्यात हा शब्द जिवंत आहे, पण शहरी वाचकाला 'ठोस' म्हटले की ठोस पुरावा आठवतो. बातमीत 'धडक' करा. माणसाचे शब्द अवतरणात देत असाल तर 'ठोस' तसाच राहू द्या.

आणि जे मुळी टकरीत बसतच नाही ते: 'अंगावर गाडी घातली'. गिरणेच्या पात्रात वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातला, तर तो अपघात नाही आणि धडकही नाही. 'अंगावर घालणे' यात हेतू आहे. अशा घटनेत भारतीय न्याय संहितेचे कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागू शकते. हेतूचा आरोप असेल तर शब्द मऊ करून 'धडक' लिहू नका आणि आरोप नसेल तर 'अंगावर घातली' लिहू नका.

घात, आघात, अपघात

संस्कृतातून आलेले शब्द दोन धातूंचे आहेत. 'हन्' म्हणजे मारणे, त्यावरून घात, आघात, अपघात, संघात, व्याघात. 'घृष्' म्हणजे घासणे, त्यावरून घर्षण आणि संघर्ष. म्हणजे संघर्षात मुळात एकदाच आपटणे नाही, पुन्हा पुन्हा घासणे आहे. म्हणूनच 'दोन गटांतला संघर्ष' वर्षानुवर्षे चालू शकतो, 'दोन गटांतली चकमक' तासाभरात संपते. गंमत 'प्रघात' या शब्दाची: धातू तोच, पण अर्थ रूढी, पडलेली पद्धत.

अपघात आणि घातपात यांची गल्लत मात्र घातक आहे. घातपात म्हणजे कोणीतरी ठरवून केलेला. रुळावर दगड सापडला की लगेच 'घातपात' लिहिण्याची घाई होते. 'घातपाताचा संशय' आणि 'घातपात' यांत फार अंतर आहे.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे: 'कोम' म्हणजे एकत्र, 'लेडेरे' म्हणजे मारणे, इजा करणे. दोघे मिळून एकमेकांना मारतात ते कोलिजन. त्याला अगदी जवळ ऐकू येणारा 'कोल्युजन' वेगळा आहे. त्यात 'लुडेरे' म्हणजे खेळणे, आणि अर्थ आहे संगनमत, साटेलोटे. तिसरा 'कोअलिशन' म्हणजे आघाडी. इंग्रजी बातमीवरून मराठी करताना घाईत एका अक्षराची चूक झाली की 'दोन कंपन्यांचे संगनमत' याचे 'दोन कंपन्यांची टक्कर' होते. अर्थ नुसता चुकत नाही, उलटा होतो.

बातमीत नेहमी होणाऱ्या चुका

'भरधाव वेगाने' यात वेग दोनदा आला. भरधाव म्हणजेच पूर्ण वेगाने. त्याहून मोठी अडचण अशी की वेग कोणी मोजलेला नसतो. पोलिसांच्या फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात' ही ओळ ठरलेली असते, कारण कलमाला ती लागते. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याचे कलम २८१ आहे, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास १०६ चे पहिले पोटकलम. १ जुलै २०२४ पूर्वी ही भारतीय दंड संहितेतली २७९ आणि ३०४ अ होती. ती ओळ फिर्यादीतला आरोप आहे. बातमीत घ्यायची तर 'फिर्यादीत म्हटले आहे' हे शब्द जोडा.

'हिट अँड रन' हा शब्द तर जवळजवळ रोज चुकतो. चालक पळाला की मथळा तयार. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे योग्य तो शोध घेऊनही ज्या वाहनाची ओळख पटत नाही, त्याच्या अपघाताला हिट अँड रन म्हणतात. चालक पळाला पण गाडीचा नंबर मिळाला असेल, तर कायद्याच्या अर्थाने तो हिट अँड रन नाही. हा निव्वळ शब्दाचा वाद नाही. वाहन सापडले नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेली भरपाई आहे. वाहन सापडले तर मालक आणि विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते आणि रक्कम उत्पन्न, वय, अवलंबून माणसे पाहून ठरते. वाचकाने बातमीवर विसंबून चुकीच्या वाटेने जाऊ नये, यासाठी 'चालक वाहनासह पसार' आणि 'अज्ञात वाहनाची धडक' हे दोन वेगळे प्रयोग काटेकोर पाळा.

'विचित्र अपघात' या शब्दाने काहीच कळत नाही. तीन गाड्या असतील तर क्रम लिहा: पुढच्या कंटेनरने ब्रेक लावला, मागची कार त्यावर आदळली, कारवर मागून आयशर ट्रक आदळला. क्रम लिहिला की विचित्र काही उरत नाही.

रानडुक्कर, नीलगाय, कुत्रे 'आडवे आले' हा प्रयोग नेमका आहे, तो ठेवा. पण जनावर आडवे आल्याने गाडी घसरली की जनावराला धडकली, हे सांगायचे विसरू नका.

रेल्वेच्या बाबतीत अजून बारकाई हवी. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकाच्या परिसरात आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून प्रवासी रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसची त्यांना धडक बसली. ही दोन गाड्यांची टक्कर नव्हती. 'दोन एक्स्प्रेसचा अपघात' एवढेच वाचले तर भुसावळ, जळगाव, चाळीसगावात ज्यांची माणसे त्या दोन गाड्यांत होती त्या सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकणार. म्हणून पहिल्या ओळीत कोणाला कशाची धडक बसली हे पूर्ण लिहा. रेल्वेच्या नोंदीतही गाडी गाडीवर जाणे, डबे रुळावरून घसरणे, फाटकावर वाहन सापडणे आणि माणूस गाडीखाली येणे हे वेगवेगळे प्रकार आहेत. 'कवच' ही यंत्रणा यातल्या पहिल्या प्रकारासाठी, गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी आहे. रुळावर उतरलेला माणूस तिला दिसत नाही.

विज्ञानात टक्कर

भौतिकशास्त्रात धडक चालत नाही, टक्करच लागते. कारण न्यूटनचा तिसरा नियम: ट्रक दुचाकीवर जेवढे बल लावतो तेवढेच दुचाकी ट्रकवर लावते. रस्त्यावर हे पटत नाही, कारण परिणाम फार वेगळे दिसतात, पण तो फरक वस्तुमानाचा आहे, बलाचा नाही. 'ट्रकने धडक दिली' या वाक्यात बल एकाच बाजूचे वाटते, म्हणून उत्तरपत्रिकेत ते टाळा.

टकरीचे दोन प्रकार. स्थितिस्थापक टकरीत गतिज ऊर्जा जेवढीच्या तेवढी राहते. अस्थितिस्थापक टकरीत तिचा काही भाग उष्णता, आवाज, वाकलेला पत्रा यांत जातो. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, दोन्हींत कायम राहतो, बाहेरचे बल नसेल तर. मुलांची गल्लत इथेच होते: 'ऊर्जा गेली म्हणजे संवेगही गेला' असे ते लिहितात.

हे भुसावळच्या यार्डातल्या वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर, करून पाहा. ४० टनांची एक वाघीण सेकंदाला २ मीटर वेगाने येते, समोर ४० टनांचीच दुसरी उभी आहे, आणि दोन्ही जोडल्या जातात. आधीचा संवेग ४०,००० गुणिले २, म्हणजे ८०,००० किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. नंतर वस्तुमान ८०,००० किलोग्रॅम, म्हणून वेग सेकंदाला १ मीटर. संवेग तेवढाच. आता ऊर्जा: आधी अर्धा गुणिले ४०,००० गुणिले २ चा वर्ग, म्हणजे ८०,००० ज्यूल. नंतर अर्धा गुणिले ८०,००० गुणिले १, म्हणजे ४०,००० ज्यूल. निम्मी ऊर्जा खडखडाटात, बफरच्या दाबात आणि उष्णतेत गेली. जोडलेल्या वस्तूंचे वस्तुमान सारखे आणि एक स्थिर असेल तर दर वेळी निम्मीच जाते.

याच्या उलट टोक कॅरमवर दिसते. एका सोंगटीने तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीला नाकासमोर मारले तर पहिली जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. पूर्ण स्थितिस्थापक टकरीच्या हे बरेच जवळ जाते.

एक अडचण भाषांतरकारांना नेहमी येते. अणूंच्या जगात दोन कण एकमेकांना न शिवता, नुसत्या विद्युत बलाने एकमेकांची वाट वळवतात, आणि शास्त्रज्ञ त्यालाही कोलिजन म्हणतात. मराठी 'टक्कर' मध्ये स्पर्श गृहीत असतो. म्हणून अशा ठिकाणी पहिल्यांदा टक्कर शब्द आला की 'इथे प्रत्यक्ष स्पर्श होत नाही' हे एक वाक्य घाला. जिनिव्हाजवळच्या, कणांची टक्कर घडवणाऱ्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्राला 'कोलायडर'च म्हणा. 'टकराव यंत्र' हे ना मराठी ना सोपे.

'आघात' हा शब्द तिथे ठेवा जिथे एक वस्तू फार मोठी आणि स्थिर धरली आहे: शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले. भूपट्टांसाठी टक्कर: भारतीय भूपट्टाची युरेशियाच्या भूपट्टाशी टक्कर होऊन हिमालय उभा राहिला. ही टक्कर अजून चालू आहे, म्हणून 'झाली' लिहून संपवू नका.

संगणकातल्या 'हॅश कोलिजन'ला टक्कर म्हटले तर वाचकाला काहीतरी फुटल्यासारखे वाटते. तिथे फुटत काही नाही. हॅश म्हणजे फायलीवरून गणिताने काढलेला छोटा ठसा, आणि इथे दोन वेगळ्या फायलींना एकच ठसा येतो. मतदार यादीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सगळे सारखे असलेले दोघे निघावेत तसे. २०१७ मध्ये 'शा-१' या पद्धतीने एकच ठसा येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या गेल्या, आणि ती सुरक्षेसाठी वापरू नये हे पक्के झाले. मराठीत 'ठसे जुळणे' किंवा सरळ 'कोलिजन' लिहा.

माणसांत आणि तारखांत

लाक्षणिक अर्थाला मराठीत भरपूर शब्द आहेत, त्यामुळे हिंदीतला 'टकराव' घ्यायची गरज पडत नाही. दोघांत खटका उडतो. दोन गट भिडतात. मते जुळत नाहीत, टोकाची होतात. हितसंबंध आड येतात. निवडणुकीत चुरशीची लढत होते. 'काटे की टक्कर' याचे 'काट्याची टक्कर' करण्यापेक्षा हे बरे. दोन कार्यक्रमांच्या तारखांची टक्कर होत नाही, दोन्ही एकाच दिवशी येतात. लग्नसराईत शिरपूरचे लग्न आणि साक्रीचे लग्न एकाच तिथीला आले तर कोणीही 'तारखा टकरावल्या' म्हणत नाही.

फिर्याद आणि दाव्याचा अर्ज लिहिताना

इथे शब्द सर्वांत महाग पडतो, म्हणून क्रमाने करा.

आधी जागा पक्की करा. 'महामार्गावर' पुरेसे नाही. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, तेव्हा कोणता रस्ता, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जाणारी बाजू, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पुलाचा क्रमांक, आणि त्यापासूनचे अंतर मीटरमध्ये. अंतर नेहमी न हलणाऱ्या वस्तूपासून मोजा. गाड्या बाजूला केल्या की गाडीपासूनचे माप निरुपयोगी होते.

मग दिशा आणि स्थिती: कोण कुठून कुठे जात होते, कोण उभे होते, दिवे चालू होते का, रिफ्लेक्टर होता का. यानंतरच स्पर्श लिहा, आणि शरीराच्या किंवा वाहनाच्या नेमक्या भागासह: 'कारचा पुढचा डावा कोपरा दुचाकीच्या मागच्या चाकाला लागला'. हे वाक्य 'जबर धडक दिली' याच्या शंभरपट उपयोगी आहे, कारण पंचनाम्यात दिसणारा पत्रा, फुटलेली काच, रस्त्यावरच्या टायरच्या घासट खुणा यांच्याशी ते ताडून पाहता येते. फिर्यादीत 'समोरून धडक' आणि पंचनाम्यात मागचा बंपर फुटलेला, असे झाले की न्यायाधिकरणात पहिला प्रश्न तोच विचारला जातो. विम्याच्या अर्जातही तेच शब्द ठेवा. प्रत्येक कागदावर वेगळा शब्द म्हणजे प्रत्येक कागदावर वेगळी घटना.

जे पाहिले ते आणि जे नंतर कळले ते वेगळे ठेवा. 'आवाज ऐकून मागे वळलो तेव्हा दुचाकी पडलेली होती' म्हणणाऱ्याने धडक पाहिलेली नाही. त्याच्या तोंडी 'ट्रकने धडक दिली' घातले तर उलटतपासणीत त्याचे खरे म्हणणेही पडते.

आणि शेवटी अहिराणीचा मुद्दा, जो खानदेशात फार कमी वेळा कोणी लक्षात घेतो. जखमी माणूस सांगतो, 'गाडी झाडले ठोकाई गयी'. यात 'ले' म्हणजे 'ला', आणि 'ठोकाई गयी' म्हणजे ठोकली गेली, आपसूक झाले. कोणी ठोकली हे त्याने म्हटलेलेच नाही. लिहून घेणारा प्रमाण मराठीत 'मी गाडी झाडाला ठोकली' असे लिहितो, आणि माणूस न बोललेल्या कबुलीखाली सही करतो. लिहून घेणाऱ्याच्या मनात वाईट नसते, क्रियापद बदलताना कर्ता आपोआप शिरतो. 'गाडी झाडावर आदळली' लिहिले असते तर अर्थ जसाच्या तसा राहिला असता.

फिर्याद सहीपूर्वी फिर्यादीला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ हेच सांगते. वाचून होते तेव्हा फक्त नाव, गाव, वेळ ऐकू नका. 'धडक', 'ठोकली', 'आदळली', 'कट' यांतला कोणता शब्द आला आणि त्याच्या आधी 'ने' आहे की 'ला', तेवढे कान देऊन ऐका. आजी, काका, जो कोणी सही करणार आहे त्याला ते वाक्य अहिराणीत परत सांगा, 'असंच सांगं ना तुम्ही?' विचारा, आणि मान हलली की मगच पेन हातात द्या.